साध्या पाण्याचे दोन चमचे

पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक लॅमिनेट केलेला कागद होता. त्यावर लिहिलं होतं की या रहिवाशाला साधं पाणी द्यायचं नाही, फक्त घट्ट केलेले द्रव द्यायचे. खाली पाण्याच्या ग्लासचं चित्र आणि त्यावर लाल फुली.

पलंगावरची बाई घानाची होती, तिथल्या अकान समाजातली. वय नव्वदच्या पुढे. तिला नीट गिळता येत नव्हतं. पाणी घशातून फुप्फुसात जाण्याचा धोका होता, म्हणून तिच्या पाण्यात, ज्यूसमध्ये, चहात एक पांढरी पावडर मिसळून ते मधाइतकं दाट करत. ती ते तोंडातच धरून ठेवी आणि मग बाहेर सोडी. डिमेन्शियात इंग्रजी गेलं होतं. राहिलेल्या शब्दांपैकी 'न्सु' हा ती सर्वांत जास्त वापरी. न्सु म्हणजे पाणी. हा शब्द मजल्यावरच्या सगळ्यांना माहीत झाला होता. ती 'न्सु' म्हणाली की आम्ही दाट पाण्याचा कप तिच्या ओठांशी नेत असू.

मिसिसागातल्या या केअर होममध्ये मी पीएसडब्ल्यू, म्हणजे पर्सनल सपोर्ट वर्कर आहे. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, कूस बदलणं ही आमची कामं. त्याआधी अकरा वर्षं मी नगरला एका दैनिकाच्या डेस्कवर होते. कॅनडात त्या अनुभवाचा उपयोग एकाच ठिकाणी झाला, चार्टिंगमध्ये. प्रत्येक शिफ्टच्या शेवटी रहिवाशाने काय खाल्लं, किती प्यायलं, काय वेगळं घडलं ते टॅबलेटवर भरावं लागतं. बाकीच्या जणी खुणा करून मोकळ्या होत. मी शेवटच्या चौकोनात वाक्यं लिहीत असे. काय, कधी, कुणी, किती. मॅनेजरला ते आवडे.

बाईंची मुलगी रोज येई. पन्नाशीची, उंच, शहराच्या बसेस चालवणारी. ड्यूटी संपली की तोच निळा युनिफॉर्म आणि जॅकेट घालून येई. आईचे कपडे होमच्या लाँड्रीत न टाकता घरी नेऊन धूत असे. मुलगा कनाटा नावाच्या गावी एका टेलिकॉम कंपनीत होता. तो दर शनिवारी पाच तास गाडी चालवून येई, पलंगाशी बसून बायबल वाची आणि रविवारी परत जाई. तो त्याच्या चर्चमध्ये एल्डर, म्हणजे मंडळीच्या कारभारातला वडील होता. आईच्या उपचारांबाबत निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार त्याच्याकडे होता. ते कागद आईनेच, शुद्धीत असताना, सही करून दिले होते.

"मी धुणं धुते, तो सही करतो," मुलगी म्हणाली होती. "आमच्यात घराणं आईकडून चालतं, सिस्टर. कागद मात्र मुलाकडे जातात. हे कुठून शिकलो असू आम्ही?"

ती मला सिस्टर म्हणे, मीही तिला तेच म्हणे. आमचं बोलणं इंग्रजीत चाले.

एकदा आईची कूस बदलताना मुलीचं माझ्या गळ्यातल्या क्रॉसकडे लक्ष गेलं.

"तू इंडियन ना? हा कुणी दिला तुम्हाला?"

"मिशनऱ्यांनी. माझ्या पणजोबांच्या वेळी."

"आणि नेलं काय?"

मी सांगितलं की माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची परवानगी नव्हती. मिशनच्या कंपाउंडात विहीर होती. तिथे कुणी अडवत नव्हतं. बाप्तिस्म्याचं आमच्या घरात सांगितलं जाणारं कारण एवढंच आहे.

ती हसली. "म्हणजे तुम्हाला पाणी दिलं त्यांनी. वा! आमच्याकडून काढून घेतलं, ते तुमच्याकडे पोचलं म्हणायचं."

मग तिने आईची गोष्ट सांगितली. ती मी पुढे तिच्याकडून दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा तपशील तेच होते.

आईच्या गावात मिशनने ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी वस्ती वसवली होती. सरळ रस्ता, आंब्याची झाडं, शाळा, घंटा. आईचे वडील तिथे धर्मशिक्षक होते. आईची आजी, म्हणजे आईच्या आईची आई, जुन्या गावात राहिली होती. नदीच्या दैवताची सेवा तिच्याकडे होती. वस्तीतल्या मुलांना गावात जायची मनाई होती, आजीच्या हातचं खायचीही. आई नऊ वर्षांची असताना आजी मरायला टेकली. अकान रीतीप्रमाणे माणूस जाताना त्याच्या तोंडात त्याच्याच रक्ताच्या माणसाने पाणी घालायचं असतं. पुढची वाट म्हणजे चढण आहे, तहान लागते. पाणी घालताना त्याला त्याच्या वाराच्या नावाने हाक मारायची. प्रत्येक अकान मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं एक नाव त्याला मिळतं. ते बाप्तिस्म्याच्या नावाआधीचं. मग घराण्याचं नाव घ्यायचं आणि सांगायचं की मागे राहिलेल्यांना बरं ठेव. आजीने या नातीला बोलावलं. निरोप घेऊन आलेल्या बाईला वडिलांनी दारातून परत पाठवलं. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली आणि आई इतर मुलांबरोबर रांगेत जाऊन बसली. आजी दुसऱ्या दिवशी गेली.

हे आईने ऐंशी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. डिमेन्शिया सुरू झाल्यावर ते बाहेर यायला लागलं, तेही जुनी आठवण म्हणून नाही. ती रात्रंदिवस मुलीचा हात धरून विचारी, "बाबा जाऊ देत नाहीत, तू विचारशील का त्यांना?"

मुलीने चर्च सोडलं ते तेव्हा. तोवर ती कॉयरमध्ये गात होती. तिने आईच्या गावातली एक म्हातारी पुजारीण शोधून काढली, तिच्याकडून पूजेचे वार आणि विधी शिकायला सुरुवात केली. म्हातारी फोनवर व्हॉइस मेसेज पाठवी. मुलगी सात वर्षांची असताना कॅनडात आली होती, तिची भाषा त्या वयाचीच राहिली होती. बसच्या शेवटच्या थांब्यावर, गाडी उभी असताना, ती ते मेसेज लावून पुन्हा पुन्हा म्हणे.

"प्रवाशांना वाटतं बाई वेडी आहे," ती म्हणाली. "भाऊ म्हणतो बाई सैतानाची आहे. प्रवासी बरे."

तिला एकच गोष्ट हवी होती. आईला जिवंतपणी, तिच्या वाराच्या नावाने, साधं पाणी द्यायचं. तीन घोट. त्या म्हातारीने तीन सांगितले होते.

तिने आधी रीतसर विचारलं, हे नोंदवायला हवं. आमच्या मजल्यावरची नर्स नागपूरची. तिने नियम सांगितला. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला धोका पत्करून साधं पाणी देता येतं, पण निर्णयाचा अधिकार असलेल्याची सही लागते. सही भावाची. मुलीने त्याला फोन केला. तो म्हणाला, पाण्याला माझी हरकत नाही, त्यावर तू जे म्हणणार आहेस त्याला आहे. ते म्हणणार नाही असं वचन दे, मी सही करतो.

तिने वचन दिलं नाही.

"ओला स्वॅब चालतो," मी तिला सांगितलं. तोंड साफ करायला काडीला स्पंजचा तुकडा असतो, तो पाण्यात बुडवून ओठांवरून फिरवतात. त्याला परवानगी होती.

"स्पंज चोखून कुणी डोंगर चढतं का?"

फेब्रुवारीतला मंगळवार होता. मी खोलीतल्या दुसऱ्या पलंगाची चादर बदलत होते. त्या पलंगावरची रहिवासी बिंगोला गेली होती. मुलीने मधला पडदा ओढला, पण तो पूर्ण ओढला जात नाही, एक हूक तुटलेला आहे. तिने पिशवीतून पाण्याची बाटली आणि घरचा चमचा काढला. पलंग वर उचलून आईला बसतं केलं. फोन उशीवर ठेवला. म्हातारीचा आवाज सुरू झाला आणि तिच्यामागून हिचा. ती अडखळत होती. एका जागी तिने मेसेज मागे नेऊन पुन्हा ऐकला.

वाराच्या नावाने हाक मारली तेव्हा आईने डोळे उघडले. आमच्या चार्टवर, दारावरच्या पाटीवर आणि मनगटावरच्या पट्टीवर तिचं बायबलमधलं नाव होतं. आम्ही सगळे तेच वापरत होतो आणि त्याला ती फारसा प्रतिसाद देत नसे.

पहिला चमचा तिने गिळला. घसा हलला, मी पाहिलं. दुसऱ्याला ठसका लागला. थोडं पाणी हनुवटीवरून खाली आलं, ओठ निळसर पडले. मुलीने तिला पुढे वाकवून पाठ थोपटली. ठसका थांबला. आई म्हणाली, "न्सु." मुलीने तिसरा चमचा भरला.

मी पडदा बाजूला करून तिच्या मनगटावर हात ठेवला. "बास. गुदमरेल ती."

"एकच राहिलाय."

"बास, सिस्टर."

तिने चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाणी चादरीवर सांडलं. तिने झटका दिला की माझा हात जोरात लागला, हे मला नक्की सांगता येत नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या. आज तिचा श्वास बसू दे. उद्या एक देते, शांतपणे. तू काही पाहिलं नाहीस."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

पावणेतीनला मी चार्ट भरला. जे लिहिलं ते मला शब्दशः पाठ आहे. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत असं होईल: 'दुपारी २.१०. मुलीने चमच्याने साधं पाणी दिलं, अंदाजे दोन चमचे. पहिला गिळला. दुसऱ्याला ठसका, थोडं पाणी बाहेर. त्यानंतर श्वास नियमित, रंग पूर्ववत. तिसरा चमचा कर्मचाऱ्याने थांबवला. पाणी देताना मुलगी फोनवरील आवाजामागून स्वतःच्या भाषेत पारंपरिक विधीची प्रार्थना म्हणत होती.'

पाण्याची नोंद करणं मला भाग होतं. दोन दिवसांनी न्यूमोनिया झाला असता तर कारण माहीत असणं गरजेचं होतं. शेवटचं वाक्य भाग नव्हतं. ते वैद्यकीय नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. ते मी लिहिलं कारण ते घडलं होतं. डेस्कवर आमचे वृत्तसंपादक म्हणत की घडलेलं गाळणारा आणि न घडलेलं घालणारा एकाच बाकावर बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने मला औषधांच्या गाडीपाशी थांबवलं.

"बाई, तू काय करून राहिली? पाण्यापर्यंत ठीक होतं. मंतर काहून लिहिलं?"

"म्हणत होती ती."

"म्हणत होती! मी मागच्या वर्षी त्या बडोद्याच्या काकांना गंगाजल दिलं, पडदा लावून. त्यांच्या सुनेने डबी आणली होती. सूनही होती, मीही होते, कुणी काही लिहिलं का? तुमच्या घरी नाही का देत?"

देत होते. माझ्या वडिलांना नगरच्या मिशन हॉस्पिटलात माझ्या आईने वाटीतून पाणी पाजलं होतं. पाळक बाजूला उभे होते, ते काही म्हणाले नाहीत. त्याला आमच्यात काही नाव नव्हतं. मी हे नर्सला सांगितलं नाही.

"आता अलर्ट गेलाय वर," ती म्हणाली. "सुधारता नाही येत. त्या कनाटावाल्याला फोन करतीलच. वाचून दाखवतील त्याला सारं. घे."

फोन झाला. रहिवाशाच्या बाबतीत कोणतीही घटना घडली की अधिकार असलेल्या माणसाला कळवावं लागतं आणि नोंद जशी आहे तशी वाचून दाखवावी लागते. पाण्यापुरती नोंद असती तर मुलीला पुन्हा एकदा गिळण्याच्या धोक्याची माहिती देऊन सही घेतली असती. तसं दुसऱ्या दोन कुटुंबांच्या बाबतीत झालेलं मी पाहिलं आहे. इथे भावाने शेवटचं वाक्य परत वाचायला सांगितलं. त्याच संध्याकाळी मुलीच्या भेटींवर अटी आल्या. खोलीचं दार उघडं, खोलीत एक कर्मचारी हजर, खाण्यापिण्याची कोणतीही वस्तू आत न्यायची नाही, फोन रिसेप्शनवर.

तिला ते रिसेप्शनवरच सांगण्यात आलं. 'उद्या' तिथे संपला.

शनिवारी मुलगा आला. कॉरिडॉरमध्ये त्याने माझे आभार मानले.

"मॅडम, तुम्ही लिहिलं म्हणून मला कळलं. देव तुमचं भलं करो."

मी म्हणाले, तुमच्या आईने वाराच्या नावाला डोळे उघडले होते.

त्याचे डोळे सुजलेले होते. तो पहाटे चारला निघाला होता आणि वाटेत बर्फ होता.

"माझ्या आजोबांनी बायबलच्या पेट्या डोक्यावरून वाहिल्यात," तो म्हणाला. "आई नव्वद वर्षं रोज गुडघे टेकून झोपली. आता तिला काय हवं ते ती सांगू शकत नाही. माझी बहीण म्हणते तिला हे हवंय. मी म्हणतो तिला ते हवंय. आईने सही करून कुणावर विश्वास ठेवलाय ते कागदावर आहे. शेवटच्या क्षणी ज्यांच्यापासून ती पळाली त्यांच्याच हातात देऊ तिला? आणि चुकलो तर? पुढे तिची भेट झाली तर काय सांगू?"

"ती पळाली नव्हती. तिला अडवलं होतं," मी म्हणाले.

"हे तुम्हाला माझ्या बहिणीने सांगितलं," तो म्हणाला. ते खरं होतं. आईच्या तोंडून मी फक्त 'न्सु' ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात मजल्यावर डॉक्युमेंटेशनचं ट्रेनिंग झालं. मॅनेजरने पडद्यावर चांगल्या नोंदीचे नमुने दाखवले. तिसरा नमुना माझा होता. रहिवाशाचं नाव आणि खोलीचा नंबर काळ्या पट्टीने झाकला होता. ती म्हणाली, पाहा, वेळ आहे, प्रमाण आहे, परिणाम आहे, संदर्भही आहे, मत कुठेही नाही. दोघीतिघींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. नर्स खिडकीबाहेर बघत होती.

मुलगी अटी पाळून येत राहिली. हजर राहणारी कर्मचारी बऱ्याचदा मीच असे. ती पलंगाशी बसे, हात कोटाच्या खिशात. आई 'न्सु' म्हणे. मी दाट पाण्याचा कप पुढे करी. आई ते बाहेर सोडी. मी पुसून घेई आणि प्रमाण लिही.

एकदा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती लिहिलंस?"

"शून्य."

"छान. प्रार्थना केली नाही हेही लिही. बातमी पूर्ण हवी."

आणखी एकदा ती आईच्या कानाशी वाकली आणि काही पुटपुटली. पाणी नव्हतंच. मी चौकोन रिकामा ठेवला. तिने मान वर करून टॅबलेटकडे पाहिलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा श्वास बदलला. मुलगा दोन दिवस आधीच येऊन राहिला होता. चर्चची माणसं आळीपाळीने येत होती, गात होती. ती चांगली गात. आई गेली गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. त्या वेळी मुलगी बस चालवत होती. तिला डिस्पॅचने रेडिओवर कळवलं. बदली ड्रायव्हर येईपर्यंत तिला फेरी चालू ठेवावी लागली, सतरा थांबे. हे तिनेच नंतर सांगितलं.

मृताला पुसून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. चेहरा, हात, पाय. तोंड कोरडं होतं, जीभ टाळ्याला चिकटली होती. ओला स्वॅब फिरवणं हा प्रक्रियेचा भाग आहे, तो मी फिरवला. मला ते शब्द येत नव्हते. आले असते तरी मी तिच्या रक्ताची नव्हते.

मुलगी पोचली तेव्हा भाऊ खाली फ्युनरल होमच्या माणसांशी बोलत होता. खोलीत आम्ही दोघीच होतो. आता दार लावायला कुणाची हरकत नव्हती. तिने ते लावलं. आईच्या पायांवर हात ठेवून ती उभी राहिली. तिच्या जॅकेटच्या खिशात पाण्याची बाटली दिसत होती. तिने ती काढली नाही.

"त्या दिवशी तू बघत होतीस," ती म्हणाली. "मी रडत होते, मला दिसलं नाही नीट. पहिला गेला का आत?"

"गेला. घसा हलला."

"नक्की?"

"नक्की."

"दुसरा?"

"अर्धा बाहेर आला."

"म्हणजे दीड." तिने मान हलवली. "मी म्हातारीला विचारलं होतं, कमी पडलं तर काय होतं. ती म्हणाली, कमी कशाला पडेल? घरात बायका नाहीत का तुमच्या?"

मी म्हणाले, मला क्षमा कर.

"कशाची? चमच्याची की लिहिण्याची?"

मला ते ठरवता आलं नव्हतं.

"चमच्याचं मला समजतं," ती म्हणाली. "तुला वाटलं ती मरेल. मरणारच होती, पण ठीक आहे. दुसरं मला समजत नाही. तुझ्या लोकांना तर पाण्याचं माहीत होतं."

तिने आईचे घरी न्यायचे कपडे गोळा केले. धुवायला नेत असे त्याच पिशवीत, घड्या घालून. दाराशी थांबून ती म्हणाली, "फ्युनरलला येऊ नकोस, सिस्टर. तिथे मला भावाशेजारी उभं राहायचंय. तू आलीस तर लोक विचारतील ही कोण, आणि मला सांगावं लागेल."

मी गेले नाही.